रघुपतीरावांची आठ मिनिटं

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत मी जवळजवळ वर्षभर राहिले. वाचनालयातले मोडी कागद वाचायचं काम होतं, आणि राहायला खोली मिळाली ती वेंकटरावांच्या घरी, माडीवर. खाली वेंकटराव, त्यांचा मुलगा रघुपती, सून नित्या आणि बारा वर्षांची नात साईप्रिया. घरात मराठी बोलत. पण ती आपली मराठी नव्हे. शेकडो वर्षांपूर्वी इकडे उतरलेली आणि मग तमिळच्या चालीवर बोलायला शिकलेली. ‘सगळं’ला ते ‘अस्की’ म्हणत, ‘मला’ला ‘मज’. देवनागरी मात्र कोणालाच वाचता येत नसे. साईप्रियाला मराठीत विचारलं की ती तमिळमध्ये उत्तर देई आणि आपण मराठीतच बोललो अशी तिची समजूत असे.

रघुपतीराव सॉफ्टवेअर इंजिनियर. वय एक्केचाळीस. बारा वर्षं चेन्नईत बँकेच्या संगणकांचं काम केलं, मग वेंकटरावांचा एक पाय अधू झाला तेव्हा गावी परत आले. योगायोगाने त्याच सुमारास सरकारने पापनाशमच्या रस्त्यावर भातशेतांच्या मधोमध एक पांढरी, बिनखिडक्यांची इमारत बांधली आणि तिला दक्षिण काल केंद्र असं नाव दिलं. तिथे त्यांना नोकरी लागली.

तिथे काय चालतं हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितलं. टेलिफोनचे मनोरे, विजेच्या तारा, बँका, रेल्वेचे सिग्नल, या सगळ्यांना एकच वेळ लागते आणि ती सेकंदाच्या अब्जाव्या भागापर्यंत सारखी लागते. आज ही वेळ उपग्रहांकडून येते. उपग्रहाचा सिग्नल फार अशक्त असतो. कोणी मुद्दाम दाबला, किंवा सूर्यावर वादळ झालं, तर तो जातो, आणि मग देशातली यंत्रं आपापल्या मनाप्रमाणे चालू लागतात. म्हणून जमिनीवर ठिकठिकाणी अणुघड्याळं ठेवायची, ती एकमेकांशी तारांनी जोडायची, म्हणजे उपग्रह गप्प झाले तरी कोणाला काही कळू नये. केंद्रातल्या तीन घड्याळांची रोज तुलना करायची, त्यातलं बहकू लागलेलं ओळखायचं आणि बाकीच्यांना बिघडवण्याआधी त्याला बाजूला काढायचं, हा रघुपतीरावांचा प्रोग्राम.

घरी याचा अर्थ निराळा लागला होता. वेंकटराव येईल-जाईल त्याला सांगत, “आमचा रघु सरकारची घड्याळं बघतो.” त्यामुळे गल्लीतली बंद घड्याळं आमच्या ओसरीवर येऊन पडत. शेजारच्या हिराबाईंनी एक लंबकाचं घड्याळ आणलं होतं. रघुपतीरावांनी रविवारची सकाळ घालवून त्याला नवीन सेल घातला. आठवड्याने हिराबाई ते परत घेऊन आल्या, कारण ते दोन मिनिटं मागे पडत होतं आणि सरकारी माणसाने बघूनही असं व्हावं याचं त्यांना वाईट वाटलं होतं. रघुपतीरावांनी ते पुन्हा उघडलं. त्यांनी आयुष्यात कोणाचं घड्याळ नाकारलेलं मी पाहिलं नाही.

असा हा माणूस एप्रिलमधल्या एका संध्याकाळी घरी आला तो चेहरा पाडून. पायरीवर बसला, हेल्मेट मांडीवर ठेवलं आणि मला म्हणाला, “अक्का, मज मेमो आला.”

“कशाबद्दल?”

“उशिरा येतों म्हणून.”

मेमो इंग्रजीत होता. जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत रघुपतीराव अठ्ठावन्न दिवस कामावर आले आणि अठ्ठावन्नही दिवस उशिरा आले. सवयीचा उशीर ही गैरवर्तणूक असून खुलासा पंधरा दिवसांत द्यावा.

मला हसू आवरेना. हा मनुष्य रोज आठ पंचवीसला साईप्रियाला शाळेच्या फाटकाशी सोडे, तिथून निघून आठ छप्पनला केंद्राच्या दारात पोचे. मधल्या रेल्वे फाटकासाठी त्याने चार मिनिटं धरलेली होती. ऑफिस नऊचं.

“मग उशीर कसा?”

“यंत्र,” ते म्हणाले.

केंद्राच्या दारावर अंगठा लावायचं यंत्र होतं. अंगठा लावल्याशिवाय दार उघडत नसे, आणि त्याच क्षणाची वेळ हजेरीत पडे. हे यंत्र केंद्राने घेतलेलं नव्हतं. सगळ्या दक्षिण विभागातल्या सरकारी ऑफिसांसाठी एकाच कंत्राटात घेतलं होतं, आणि त्याच्यावर सील होतं. बसवणाऱ्याने पहिल्या दिवशी आपल्या मोबाईलकडे बघून वेळ लावली आणि तो निघून गेला. त्यानंतर ते यंत्र दिवसाला सव्वा सेकंद पुढे जाऊ लागलं. मेमो आला तेव्हा ते आठ मिनिटं अठरा सेकंद पुढे होतं. (मी आधी वीस सेकंद लिहिलं होतं. हा मजकूर रघुपतीरावांना वाचून दाखवला तेव्हा त्यांनी एवढीच एक दुरुस्ती सांगितली.)

“पण तुमच्याकडे तर देशाची वेळ आहे. त्यातली थोडी त्या यंत्राला द्या.”

“देतां येत नाही. सुरक्षेचा नियम. बाहेरचं कुठलंही यंत्र केंद्राच्या तारेला जोडायचं नाही. तो नियम मीच लिहिलाय.”

म्हणजे त्या इमारतीत वेळ न मिळणारं घड्याळ एकच होतं, आणि माणसांचा हिशोब त्या घड्याळाकडे होता.

केंद्रातल्या बाकीच्या दहा जणांनी यावर आपापला उपाय केला होता. रघुपतीरावांच्या हाताखाली प्रणवेश म्हणून सव्वीस-सत्तावीस वर्षांचा इंजिनियर होता, कंत्राटावर घेतलेला. तो केंद्राजवळच खोली घेऊन राहत असे. त्याने मनगटावरचं घड्याळ हजेरीच्या यंत्राशी जुळवून टाकलं होतं. तो म्हणाला, “सार्, दोन मिनिटांचं काम आहे. घड्याळ पुढे लावा आणि विसरून जा.”

हे ऐकून रघुपतीराव त्याच्यावर रागावले. मला सांगतानाही त्यांचा आवाज चढला होता. “अक्का, तीन घड्याळं आहेत. एक बहकलं. आणि उरलेली दोन समजूतदारपणानं त्याच्याकडे सरकलीं. मग काय राहिलं? माझा अस्की प्रोग्राम याच्याविरुद्ध लिहिलेला आहे. आणि हा मुलगा तोच प्रोग्राम दिवसभर तपासतो, आणि मनगटावर हे बांधून बसतो.”

साईप्रियाला शाळेत आधी सोडता येत नव्हतं, हेही होतंच. फाटक आठ पंचवीसला उघडे.

त्यांनी खुलासा लिहिला. यंत्र चूक आहे, एवढाच. तो घेऊन ते प्रशासन अधिकारी अलमेलु मॅडमकडे गेले. अलमेलु मॅडमना निवृत्त व्हायला पाच महिने राहिले होते. केंद्रातली प्रत्येक फाईल त्या स्वतःच्या हाताने दोरीने बांधत. त्यांनी खुलासा दोनदा वाचला.

“यंत्र चूक आहे याला पुरावा?” त्यांनी तमिळमध्ये विचारलं.

“मॅडम, भिंतीपलीकडे अणुघड्याळ आहे.”

“ते मला माहीत आहे. पुरावा म्हणजे कागद.”

त्यांचीही एक अडचण होती, ती त्यांनी लपवली नाही. यंत्र बसवलं त्या दिवशी ‘यंत्र सुस्थितीत मिळालं व वेळ अचूक आहे’ या पावतीवर सही त्यांची होती. सदतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी खोट्या कागदावर सही केलेली नव्हती, आणि शेवटच्या पाच महिन्यांत ती सही खोटी ठरावी अशी त्यांची इच्छा नव्हती.

त्यांनी कंत्राटदाराला पत्र पाठवलं. उत्तर आलं की यंत्राची वेळ चूक असल्याचं सक्षम अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र जोडावं, म्हणजे माणूस पाठवू. अलमेलु मॅडमनी दिल्लीच्या मुख्य कार्यालयाला विचारलं की वेळेबाबत सक्षम अधिकारी कोण. दिल्लीहून तीन आठवड्यांनी उत्तर आलं: दक्षिणेकडच्या जिल्ह्यांसाठी वेळेची प्रमाणपत्रं दक्षिण काल केंद्रातून दिली जातात आणि त्यावर सहीचा अधिकार श्री. रघुपती यांना आहे.

रघुपतीराव पेन काढून बसले. मॅडमनी पेनवर हात ठेवला.

“सार्, तुम्ही आरोपी आहात. स्वतःच्या खटल्यात स्वतःच प्रमाणपत्र देणार?”

“मग प्रणवेशला करू दे.”

“त्याची हजेरीही याच यंत्रावर आहे. म्हणजे त्याचाही हितसंबंध आहे. माझाही आहे. या इमारतीत येणाऱ्या प्रत्येकाचा आहे.”

हितसंबंध नसलेला एकच मनुष्य निघाला, फाटकावरचा पहारेकरी. तो वहीत सही करत असे. पण वेळेचं प्रमाणपत्र द्यायला भौतिकशास्त्राची पदवी लागते असा नियम होता, आणि पहारेकऱ्याची पदवी इतिहासाची होती. केंद्राचे संचालक चेन्नईत बसत. त्यांना फोन लावला तेव्हा ते म्हणाले, “जरा सांभाळून घ्या ना,” आणि ते दोघांनाही म्हणाले.

वेंकटरावांना घरी सगळं कळलं. त्यांनी बरीच वर्षं टपाल खात्यात काढली होती. ते म्हणाले, “रघु, दहा मिनिटं आधी जा की. पोरीला मी सोडतों.”

“तुम्ही? या पायानं?”

“ऑटोनं.”

“नको अप्पा. मी वेळेवरच जातों. आणखी आधी कशास जायचं?”

नित्या वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “ते ऐकणार नाहीत. लग्नाचा मुहूर्त तीन मिनिटं चुकला म्हणून भटजींशी वाद घातला होता यांनी.” ही गोष्ट खरी आहे, असं मागाहून मला दोघातिघांनी सांगितलं.

मे संपला आणि चौकशी अधिकारी नेमले गेले. सतीशकुमार त्यांचं नाव. मत्स्य खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ, जाड भिंगाचा चष्मा, हातात कापडी पिशवी. पहिली सुनावणी जूनच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी दहाला ठेवली होती. सतीशकुमार नऊ चोपन्नला दारात आले. पाहुण्यांचीही नोंद त्याच यंत्रावर असे. त्यांनी पाहुण्यांचं कार्ड लावलं आणि यंत्राने नोंद केली: दहा वाजून तीन मिनिटं.

अलमेलु मॅडमनी प्रामाणिकपणे कार्यवृत्तात लिहिलं की चौकशी अधिकारी उशिरा आले.

सतीशकुमारांनी ते वाचलं, खिशातल्या मोबाईलकडे पाहिलं आणि त्याखाली सही केली. मग म्हणाले, “बरं, तुमचं खरं घड्याळ दाखवा.”

रघुपतीरावांनी त्यांना आत नेलं. घड्याळांच्या खोलीत तीन उंच कपाटं, त्यांवर हिरवे दिवे आणि पंख्यांचा आवाज. सतीशकुमारांनी सगळीकडे नजर फिरवली.

“घड्याळ कुठे आहे?”

“ही तीन.”

“काटे?”

“नाहीत.”

“आकडे?”

“ह्यांच्यावर नाहीत. पलीकडे पडद्यावर दिसतात.”

सतीशकुमारांनी वही उघडली. “या तिघांतलं बरोबर कुठलं?”

आता इथे दुसरा कोणी असता तर कुठल्यातरी कपाटाकडे बोट दाखवून मोकळा झाला असता. रघुपतीराव तसे नाहीत. ते म्हणाले, “एकटं असं कुठलंच बरोबर नसतं. प्रत्येकाची थोडी चूक असते. आम्ही तिघांचं मत घेतो, दिल्लीशी पडताळतो, आणि मग जी येते ती वेळ.”

“दिल्लीचं घड्याळ तरी बरोबर आहे?”

“तेही इतरांशी पडताळतात. जगभरातून. शेवटचा आकडा महिन्याने कळतो.”

“म्हणजे आज आत्ता नक्की किती वाजले, हे महिन्याने कळेल?”

“शेवटच्या काही अब्जांश सेकंदांपुरतं. हो.”

सतीशकुमारांनी सावकाश लिहून घेतलं. ते वाक्य मी नंतर स्वतः वाचलं: ‘संबंधित अधिकाऱ्याच्या म्हणण्यानुसार केंद्रातील एकही घड्याळ स्वतंत्रपणे बरोबर नाही व अचूक वेळ तूर्त उपलब्ध नाही.’ सुनावणी पुढे ढकलली.

त्या दिवशी रघुपतीराव घरी येऊन जेवले नाहीत. नित्या वहिनींनी दहीभात कालवून समोर ठेवला, तो तसाच राहिला. “मी अस्की खरं सांगितलं,” ते म्हणत होते, “आणि लिहिलेलंही खरंच आहे. एकसुद्धा शब्द खोटा नाही.” हेच त्यांना लागलं होतं.

पण जुलैत मोठी चाचणी होती आणि तिच्या तयारीत मेमो मागे पडला. चाचणी अशी: सोमवारी सकाळी ठीक नऊ वाजता केंद्राची उपग्रहांकडची तार तोडायची, आणि तीन दिवस तिन्ही घड्याळांनी स्वतःच्या बळावर वेळ सांभाळायची. वीज मंडळ, टेलिफोन कंपन्या, रेल्वे, सगळ्यांचे लोक आपापल्या ठिकाणी बसून पाहणार. या चाचणीची तारीख जुळवायला अकरा महिने लागले होते. ती सुरू करायला दोन माणसांची दोन कार्डं एकाच वेळी लागत, एक रघुपतीरावांचं, दुसरं प्रणवेशचं.

त्या सोमवारी साईप्रियाला नित्या वहिनींनी शाळेत सोडलं. रघुपतीराव आठ एक्कावन्नला केंद्रात पोचले. नऊ वाजता दोघांनी कार्डं लावली. उपग्रह गेले.

काही झालं नाही, हेच यश होतं. पहिल्या दिवशी दुपारी तिसरं घड्याळ जरासं बहकू लागलं. प्रोग्रामने ते ओळखलं आणि कोणाला न विचारता बाजूला काढलं. उरलेल्या दोघांनी तीन दिवस ओढून नेले. गुरुवारी सकाळी तार पुन्हा जोडली तेव्हा एकंदर फरक निघाला अकरा नॅनोसेकंद. परवानगी शंभरची होती. टेलिफोनवाल्यांनी विचारलं, “तुम्ही खरंच तोडली होती ना?”

रघुपतीरावांनी येताना मैसूरपाक आणला. गल्लीत वाटला. हिराबाईंनी कशाबद्दल म्हणून विचारलं, तेव्हा म्हणाले, “घड्याळ मागे पडलं नाही म्हणून.” हे त्यांना लगेच समजलं.

आठ दिवसांनी दिल्लीच्या लेखापरीक्षकांचा शेरा आला. चाचणी सुरू झाल्याची नोंद नऊ वाजता, श्री. रघुपती यांच्या कार्डाने. हजेरीप्रमाणे श्री. रघुपती यांचा केंद्रात प्रवेश नऊ वाजून एक मिनिटाने. (यंत्र तोवर दहा मिनिटं आणि वर काही सेकंद पुढे गेलं होतं.) सबब चाचणी सुरू करणारी व्यक्ती त्या वेळी इमारतीत नव्हती. त्यांचं कार्ड दुसऱ्या कोणी वापरलं असल्यास ती सुरक्षेची गंभीर बाब असून त्या वेळी खोलीत हजर असलेल्या श्री. प्रणवेश यांचा खुलासा घ्यावा आणि तोवर त्यांना कामावरून दूर ठेवावं.

प्रणवेशची हजेरी व्यवस्थित होती. तो यंत्राप्रमाणे नेहमी दहा मिनिटं आधी असे.

तो संध्याकाळी आमच्याकडे आला. ओसरीवर बसला. त्याच्या बहिणीचं लग्न पापनाशमला ठरलं होतं, आणि भाऊ केंद्र सरकारच्या घड्याळ-घोटाळ्यात सापडलाय हे तिथपर्यंत पोचलं होतं. “सार्,” तो म्हणाला, “माझं काय चुकलं? मी तर वेळेवर होतो.”

“तू यंत्राप्रमाणे वेळेवर होतास,” रघुपतीराव म्हणाले. “पण तुझं काही चुकलं नाही. माझं चुकलं. मज वाटलं, उशिराचा मेमो फक्त माझा आहे.”

दुसऱ्या दिवशी ते अलमेलु मॅडमच्या समोर जाऊन बसले. त्यांनी एक कागद लिहून नेला होता. त्यात त्यांनी मान्य केलं होतं की आपण अठ्ठावन्न दिवस उशिरा आलो, आणि चाचणीच्या दिवशीही उशिरा आलो, आणि कार्ड प्रणवेशजवळ आपणच विसरून ठेवलं होतं.

मॅडमनी तो वाचला. “हे खोटं आहे,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“आणि चाचणी रद्द होईल.”

“पुन्हा करू.”

“अकरा महिने लागतील. प्रणवेशचं कंत्राट चार महिन्यांत संपतं.” त्यांनी कागदाची घडी घातली आणि ती परत दिली. “खोट्या कागदाची नोंद मी करणार नाही. तुम्ही नऊला आत होतात. मी तुम्हाला पाहिलं. दारातून जाताना तुम्ही मला नमस्कार केला होता.”

“मग हे लिहून द्या.”

मॅडम बराच वेळ आपल्या पावतीची फाईल बघत बसल्या. मग त्यांनी लिहून दिलं. फक्त एवढंच की आपण श्री. रघुपती यांना नऊच्या आधी पाहिलं. यंत्राबद्दल त्यात अक्षर नव्हतं. सही केली, शिक्का मारला आणि दोन्ही प्रकरणांच्या फाईली एका दोरीने बांधून सतीशकुमारांकडे पाठवल्या.

सतीशकुमार ऑगस्टमध्ये पुन्हा आले. या वेळी साडेनऊलाच आले आणि बाहेर चिंचेखाली बसून राहिले. सुनावणीत त्यांनी कोणालाच काही विचारलं नाही. दोन कप कॉफी घेतली, फाईल पहिल्या पानापासून वाचली आणि निकाल तिथेच हाताने लिहिला. त्याची प्रत मी पाहिली. मराठीत तो साधारण असा होतो:

‘हजेरी यंत्राची नोंद करारानुसार अंतिम आहे. चाचणीतील वेळेची नोंद ही राष्ट्रीय मानक असल्याने तीही अंतिम आहे. दोन अंतिम नोंदींपैकी एक निवडण्याचा अधिकार या चौकशी अधिकाऱ्यास नाही. सबब असे आढळते की श्री. रघुपती हे नऊ वाजता केंद्राच्या आत होते, व नऊ वाजून एक मिनिटाने त्यांनी केंद्रात प्रवेश केला. प्रशासन अधिकाऱ्यांचा जबाब यास पुष्टी देतो. प्रवेश करण्यापूर्वी उपस्थित असण्यास नियमावलीत मनाई आढळत नाही. ज्या अर्थी सदर अधिकारी प्रवेशापूर्वी उपस्थित असू शकतात हे सिद्ध झाले आहे, त्या अर्थी इतर अठ्ठावन्न दिवशीही प्रवेशाच्या वेळेवरून त्यांचा उशीर सिद्ध होत नाही. दोन्ही प्रकरणे बंद करण्यात यावीत.’

रघुपतीरावांनी तो वाचला आणि म्हणाले, “पण हे शक्य नाही.”

“मनाई नाही एवढंच मी लिहिलंय,” सतीशकुमार म्हणाले. “शक्य आहे असं कुठं लिहिलंय?” पिशवी उचलली आणि ते त्रिचीच्या बसला गेले.

दिल्लीला निकाल पसंत पडला. चाचणी ग्राह्य धरली गेली, प्रणवेश कामावर परत आला. यंत्र अजून तिथेच आहे, कारण ते चूक असल्याचं कोणीच म्हटलेलं नाही. निकालाची एक प्रत मात्र विभागातल्या इतर ऑफिसांत गेली, आणि ऐकते की तीन ठिकाणी कर्मचाऱ्यांनी प्रवेशापूर्वी उपस्थित असल्याचे अर्ज दिले आहेत. त्यातले दोन मंजूर झाले. रघुपतीरावांना याचा मनस्वी त्रास होतो. ते म्हणतात, जिंकलों असं मज वाटतच नाही. पण ते आजही आठ छप्पनला जातात.

अलमेलु मॅडम सप्टेंबरअखेर निवृत्त झाल्या. शेवटच्या दिवशी दुपारी त्या रघुपतीरावांच्या टेबलापाशी आल्या आणि म्हणाल्या, “चार वर्षं इथे आहे. ती खोली कधी पाहिली नाही.”

प्रशासनाला आत जायची परवानगी नसे. रघुपतीरावांनी त्या खोलीच्या पाहुण्यांच्या वहीत त्यांचं नाव लिहिलं आणि त्यांना आत नेलं. मॅडम कपाटांसमोर उभ्या राहिल्या. काटे कुठे आहेत असं त्यांनी विचारलं नाही.

थोड्या वेळाने म्हणाल्या, “मागची वेळ सांगता येते का यावरून? साठ वर्षांपूर्वीची?”

“कशासाठी, मॅडम?”

मॅडमचा जन्म पापनाशमचा. घरात घड्याळ नव्हतं. त्या जन्मल्या तेव्हा स्टेशनात गाडी शिट्टी देत होती, एवढंच त्यांच्या आईला आठवत होतं. गाडी वेळेवर होती की अर्धा तास उशिरा, हे कोणाला ठाऊक नव्हतं. म्हणून वडिलांनी दोन पत्रिका करून घेतल्या. एकीत लवकर लग्न आणि चार मुलं होती, दुसरीत लग्न नव्हतं आणि राजदरबारी मान होता. घरात काही वाईट झालं की आई चालू पत्रिका मिटून दुसरी उघडे.

“आणि शेवटी कुठली खरी निघाली?” रघुपतीरावांनी विचारलं.

“लग्न तर झालं नाही,” मॅडम म्हणाल्या. “पण हा राजदरबार म्हणायचा का, ते बघायचं होतं.”

रघुपतीरावांनी नीट विचार केला. मग सांगितलं की त्या दिवशीचं कोणी काही मोजून ठेवलं नसेल तर यातून ते काढता येणार नाही. मॅडमनी मान डोलावली. त्यांनी पदर खांद्यांवरून गुंडाळून घेतला होता.

“सार्, इथे एवढी थंडी असते?”

“घड्याळांना लागते.”

“आणि तुम्ही दिवसभर बसता यात? थंड खोलीत काम करणाऱ्यांना गरम कपड्यांची तरतूद आहे नियमात. अर्ज का नाही केलात?”

“ठाऊक नव्हतं.”

बाहेर छत्तीस अंश होतं. मॅडम आपल्या टेबलाशी गेल्या, रघुपतीराव आणि प्रणवेश या दोघांचे अर्ज स्वतःच लिहिले, सह्या घेतल्या, मंजुरीचा शेरा मारला आणि फाईलला दोरी बांधली. मग निरोपाच्या हारासाठी बाहेर आल्या.

स्वेटर जानेवारीत आले, करड्या रंगाचे. मी परत निघाले त्या आठवड्यात रघुपतीरावांनी तो घरी दाखवायला आणला होता. वेंकटरावांनी लोकर चिमटीत धरून पाहिली आणि माल चांगला आहे म्हणून सांगितलं. साईप्रियाने तो अंगात घातला आणि उन्हात ओसरीवर दोन फेऱ्या मारल्या.